खाडीशिवायचं खोरं

त्या फॅक्शनला कुणी हरवूच शकत नाही, असं कौतुकानं सांगणारा एखादा मुलगा मला अजून भेटतो आणि माझं डोकं सणकतं. हरवता यावी म्हणून तर आम्ही ती बनवली होती.

आधी खेळाबद्दल सांगतो, नाहीतर ज्यांनी असा खेळ कधी पाहिला नाही त्यांना माझा राग वेडेपणाचा वाटेल. कॉम्प्युटरवरचा हा जुना स्ट्रॅटेजी गेम. जुन्या काळच्या हिंदुस्थानचा नकाशा आणि त्यावर वेगवेगळ्या सत्ता. आपण एक सत्ता निवडायची, तिची गावं सांभाळायची, धान्य साठवायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याशी लढायचं. या सत्तांनाच खेळणारे फॅक्शन म्हणतात. गेमच्या फाइली उघड्या आहेत, त्यामुळे कुणीही त्यात फेरफार करून स्वतःची नवी फॅक्शन घालू शकतो. अशा फेरफाराला म्हणायचं मोड. मोड बनवणं तसं अवघड नाही, चिकाटी लागते इतकंच. अवघड असतो तो तोल. नवी फॅक्शन इतकी दुबळी नको की कुणी तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही, आणि इतकी जोरकसही नको की ती निवडली की सामना तिथेच संपला.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. राहायला बिरवाडीत भाड्याची खोली. घर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत फुटलेल्या एका वाडीत. मराठ्यांची घरं, भाताची उतरती खाचरं, उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत नाचणी. माझ्याबरोबर हा मोड ज्यानं बनवला तो माझा शाळेपासूनचा मित्र, महाडचा मुसलमान. त्याचे वडील कुवेतला होते. त्यांनी आणलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं हा गेम शिकलो. पुढे तोही काही वर्षं आखातात राहून आला आणि आता घरचा ट्रकचा धंदा बघतो. गोडाऊनच्या मागं त्याची एक खोली आहे. तिथं एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि टायरांचा वास. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिथं बसायचो. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं येतात तेव्हा शहरातून ट्रक बाहेर काढता येत नाही. तो दिवस तर हमखास आमचा.

मोडची सुरुवात चिडण्यातूनच झाली. त्या गेमच्या नकाशात आमचा भाग म्हणजे एक भुरकी पट्टी होती. समुद्रकाठी एक बंदर, बाकी काही नाही. देशावरून निघालेली फौज एका खेपेत, म्हणजे एकाच चालीत, समुद्रावर उतरायची. सह्याद्री जणू रस्त्यावरचा गतिरोधक. माझा मित्र भरलेला ट्रक आंबेनळीतून खाली उतरवणारा माणूस. त्याची पहिली प्रतिक्रिया अशी होती की हा नकाशा काढणाऱ्याला एकदा माझ्या गाडीत पुढं बसवला पायजे.

मग मी बसून एक फॅक्शन तयार केली. सावित्री नदीच्या खोऱ्यातली माणसं. डोंगरातली चपळ तुकडी, जंगलात दिसेनाशी होणारी, घाटाच्या तोंडाशी दबा धरणारी. घोडदळ नाही, तोफा नाहीत, पण वाटा माहीत असलेली माणसं. मी मोठ्या प्रेमानं केलं होतं ते. मित्रानं समोरची बाजू घेतली, पुन्हा पुन्हा हरला आणि शेवटी खुर्ची मागं सारून म्हणाला, "ही फॅक्शन नाय रे, ही भिंत हाय. भिंतीशी कोण खेळंल?"

मी वाद घातला. तो म्हणाला, मला एकच सांग, तुझी ही डोंगरातली माणसं मीठ कुठनं खातात.

त्या प्रश्नावर पुढचे किती महिने गेले ते आता मोजत नाही. त्याचा आजा शिडाच्या गलबतावर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं वर यायची, महाडपर्यंत माल यायचा. मीठ, खजूर, लोखंड, कापड. तिथून बैलांच्या पाठीवर लादून तो माल घाट चढायचा आणि वरून हिरडा, मध, लाकूड खाली यायचं. ही गोष्ट आम्हाला दोघांनाही लहानपणापासून माहीत होती. फक्त फॅक्शन बनवताना मला ती सुचली नाही, त्याला सुचली. त्यानं खाडीचा अर्धा भाग उभा केला. होड्या, खलाशी, धक्क्यावरची वखार, बैलांचे तांडे. शत्रूनं खाडीचं तोंड अडवलं की वरच्या तुकड्यांना मीठ आणि लोखंड मिळेनासं व्हायचं. घाट गेला की होड्यांना लाकूड नाही. एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याशिवाय लंगडा.

आणि मग पाऊस. आमच्या फॅक्शनला पावसाळा जड जायचा, तसा तो आम्हाला खरोखरच जड जातो. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, घाटात दरडी, तुकड्यांतली माणसं लावणीला घरी. भाद्रपदात कोठारं रिकामी आणि नवं भात अजून शेतात. ज्या शत्रूला हे कळलं तो नेमका तेव्हा चाल करून येणार. पण तो घाईत लवकर आला तर त्याचीच फौज चिखलात रुतणार. पावसाचं हे गणित जमवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

प्रयोगशाळेची सवय म्हणून मी एका वेळी एकच आकडा बदलायचो आणि पुन्हा खेळून बघायचो. मित्र तीन आकडे एकदम बदलायचा आणि बिघडलं की कॉम्प्युटरला शिव्या द्यायचा. प्रत्येक बदलानंतर आम्ही बाजू बदलून खेळायचो, म्हणजे खेळाडू चांगला की फॅक्शन जड, ते कळायचं. भांडणं खूप झाली. तांड्याचा वेग किती असावा यावरून आम्ही एकदा चांगले दोन आठवडे बोलत नव्हतो. पण पुढं असे सामने व्हायला लागले की हरलेला माणूस उठता उठता आपण कुठं चुकलो ते सांगू शकत होता. तेव्हा मला वाटलं की तोल आला.

आम्ही तो मोड इंटरनेटवर टाकला, दोघांच्या नावानं. थोड्या लोकांनी घेतला, त्यातल्या काहींनी चांगलं लिहिलं. मग एक मोठा मोड चालवणाऱ्या ग्रुपचा मला फोन आला. बहुतेक पुण्या-मुंबईची मुलं, नोकऱ्या सांभाळून हे करणारी. त्यांच्या मोडमध्ये महाराष्ट्रातल्या बऱ्याच फॅक्शन होत्या आणि आमची त्यांना हवी होती. त्यांचा ॲडमिन फोनवर मला सर म्हणत होता. पावसाची कल्पना त्याला फारच आवडली होती. ते सगळे महाबळेश्वरला निघाले होते, वाटेत पोलादपूरला भेटू म्हणाला.

हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. ते तिघं होते, आम्ही दोघं. मिसळ आली, चहा आला. मी मित्राची ओळख करून दिली, पूर्ण नावानं, आणि म्हणालो की खाडीचा, होड्यांचा, व्यापाराचा सगळा भाग यानं बनवलाय, मी फक्त डोंगर सांभाळलेत. ॲडमिननं त्याच्याशी हात मिळवला. हसला. आणि त्यानंतर तो फक्त माझ्याशी बोलायला लागला.

माझ्या ते आधी लक्षात आलं नाही. मित्रानं विचारलं की तुमच्या मोडमध्ये समुद्रावरचा व्यापार वेगळ्या पद्धतीनं चालतो, तर आमच्या होड्या त्यात कशा बसवणार. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर ॲडमिननं माझ्याकडे बघून दिलं. दुसऱ्या प्रश्नाचंही तसंच. मित्र समोर बसलेला, मधे मिसळीच्या ताटल्या, आणि उत्तरं सगळी माझ्याकडे. तिसऱ्यांदा मित्रानं विचारलंच नाही. पाव मोडून खात राहिला. बिल त्यानं दिलं, कारण आपल्या भागात आलेल्या माणसाला देऊ द्यायचं नसतं. जाताना ॲडमिननं मला दादा म्हणून मिठी मारली.

परत येताना गाडीत मी विषय काढला. मित्र म्हणाला, सोड. समोर बसवून असं वगळलं जाणं त्याला नवीन नव्हतं. मला होतं, आणि हे समजायलाच मला त्या वयापर्यंत वाट बघावी लागली याचाही मला राग आला.

तरी फाइली आम्ही दिल्या. मित्रच म्हणाला दे, लोक खेळू देत. ठरलं असं होतं की बदल करायचे तर आधी विचारायचं.

त्यांचं नवं व्हर्जन आलं ते मला कारखान्याच्या कँटीनमध्ये कळलं. पॅकिंगमधला एक मुलगा जेवणाचं ताट घेऊन मुद्दाम माझ्या टेबलावर आला आणि अभिनंदन करायला लागला. साहेब, तुमची फॅक्शन कसली जबरदस्त आहे, काल मी सगळा नकाशा घेतला, एकही लढाई हरलो नाही. मी त्याला विचारलं, पावसात काय केलंस. तो म्हणाला, कसला पाऊस?

मी खोलीवर जाऊन ती फाइल उघडली. पाऊस काढला होता. होड्या काढल्या होत्या, खलाशी, वखारी, तांडे, सगळं. खाडीच नव्हती. आता खाडी गेली म्हणजे मीठ आणि लोखंड कुठून येणार, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार, कारण त्याच्या बदल्यात त्यांनी फॅक्शनला दर खेपेला आपोआप भरणारा खजिना देऊन टाकला होता. काही न करता. डोंगरातल्या तुकड्यांची ताकद वाढवली होती, भूक काढून टाकली होती. मित्रानं पहिल्याच दिवशी नाकारलेली भिंत पुन्हा बांधली होती आणि वर तिला तोरण लावलं होतं. खाली बनवणाऱ्यांच्या नावात माझं एकट्याचं नाव.

मी ॲडमिनला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता, त्याचा शेवटपर्यंत चढला नाही. तो म्हणाला की लोकांना खूप आवडलंय, डाउनलोड बघा. आपली माणसं हरताना कुणाला बघायचंय, दादा?

मी म्हटलं, मग खेळता कशाला, नुसता नकाशा रंगवा.

तो हसला. मी विचारलं की होड्या का काढल्या. तो म्हणाला, आपल्या थीममध्ये ते लोक बसत नव्हते.

"ते लोक म्हणजे कोण?"

"दादा, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

"मला नाही कळत. तुम्ही सांगा."

तो म्हणाला की आपला खेळणारा वर्ग वेगळा आहे, तुम्ही उगाच भावनिक होताय. मित्राचं नाव का काढलं, तर म्हणे त्याचा भागच राहिला नाही, मग नाव कशाला. इतक्या शांतपणे सांगितलं त्यानं हे. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी माझंही नाव काढायला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून थेट मित्राच्या गोडाऊनला गेलो. तो ट्रकवर ताडपत्री बांधून घेत होता. मी सगळं सांगितलं, मला वाटलं तो माझ्याहून जास्त पेटेल. त्यानं दोरीची गाठ आधी पुरी आवळली. मग म्हणाला, "माझं नाव काढलं ते त्यांच्या मर्जीचं हाय. पण होड्या काढून वर फुकटचा खजिना? यांना खेळच कळत नाय रे." त्याच्या तोंडावर खरी चीड होती, आणि ती होड्यांसाठी होती.

मी म्हटलं की मी त्यांच्या ग्रुपवर सगळं लिहिणार आहे. तो म्हणाला लिही. मग हाक मारून मला ट्रकच्या मागच्या बाजूला नेलं, जिथं त्याचे हमाल नव्हते.

"लिही, पण माझं नाव नको घालूस. घरात लहान भावंडं हायत. धंदा हाय. मला खुळ्यांचे फोन नकोत."

तिथं उभ्या उभ्या मला जो राग आला तसा त्या ॲडमिनवरही आला नव्हता. अर्धी फॅक्शन या माणसानं बनवली. तिच्यातला तोल त्याच्या एका प्रश्नातून आला. त्याचं नाव पुसलं म्हणून मी तक्रार करणार, आणि त्या तक्रारीतही त्याचं नाव घालायचं नाही. कुणावर रागवावं हे मला कळेना. त्याच्यावर तर नाहीच, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी ट्रकच्या फळीवर हात आपटला आणि हात दुखला, एवढंच झालं.

मी नाव न घालता लिहिलं. पाऊस का होता, होड्या का होत्या, त्या काढल्यानं खेळाचं काय झालं, आणि न विचारता काढल्या हा विश्वासघात आहे, असं सरळ लिहिलं. शिव्या कुठंही नव्हत्या. उत्तरात मात्र सगळ्या शिव्याच आल्या. मी कुणाचा पगार खातो, माझ्या बापाचं नाव काय, असं विचारणाऱ्यांनी कधी माझी फाइल उघडलीसुद्धा नसेल. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

माझ्या लिखाणाचा फोटो काढून कुणीतरी तो फिरवला आणि फिरत फिरत तो आमच्या वाडीच्या ग्रुपवर पोचला. चुलत्यांचा फोन आला. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर गेम पाहिलेला नाही. ते म्हणाले, "काय रे, तू आपल्याच माणसांविरुद्ध काय लिवलंस म्हणे?" मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की काका, हा खेळ आहे, त्यात दोन्ही बाजूंना जिंकता आलं पाहिजे, नाहीतर त्याला खेळ म्हणत नाहीत. ते ऐकून घेत होते. मी मीठ सांगितलं, घाटातले बैल सांगितले, दरडी सांगितल्या, ज्या त्यांनी माझ्याहून जास्त पाहिल्यात. शेवटी ते म्हणाले, "ता सगळा खरा हाय. पण आपला कमीपणा आपण दाखवायचा नाय." आणि फोन ठेवला. गणपतीला गेलो तेव्हा ते नेहमीसारखे बोलले, पण त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. तेवढं अंतर अजून आहे.

आम्ही आमचा मूळ मोड पुन्हा वेगळा टाकला, पाऊस आणि खाडीसकट. नावाच्या जागी मित्राला त्याचं नाव नको होतं, तेव्हा मी माझंही घातलं नाही. ती जागा रिकामी आहे. मला ती रिकामी जागा बघवत नाही, पण एकट्याचं नाव घालणं त्याहून बघवलं नसतं. घेणारे थोडेच आहेत. त्यांच्या व्हर्जनच्या मानानं काहीच नाहीत म्हटलं तरी चालेल.

मग काही महिन्यांनी त्यांच्या ग्रुपनं स्पर्धा भरवली. पहिल्या फेरीत जो तो आमच्या खोऱ्याचीच फॅक्शन निवडायला लागला, कारण दुसरी घेणारा हरतच होता. पुढं दोन्ही बाजूंना तीच फॅक्शन यायला लागली आणि सामने संपेचनात. दोन भिंती समोरासमोर. बघणारे कंटाळले, खेळणारे भांडले, आणि दुसऱ्या फेरीपासून त्यांनी ती फॅक्शन स्पर्धेत वापरायला बंदी घातली. ज्यांना आपली माणसं हरताना बघायची नव्हती त्यांनी आपली माणसं खेळातूनच बाहेर काढली.

ॲडमिनचा फोन आला तेव्हा मी बिरवाडीच्या नाक्यावर भाजी घेत होतो. पुन्हा दादा. झालं गेलं सोडून द्या म्हणाला. फॅक्शन जरा जास्तच जड झालीय, तुमचे जुने आकडे कसे बसवायचे तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या व्हर्जनमध्ये नीट करून घेतो.

मी म्हटलं, जुने आकडे होड्यांचे आहेत, तांड्यांचे आहेत, पावसाचे आहेत. सगळं घ्या आणि दोन्ही नावं विचारून छापा. तुकडा मिळणार नाही.

तो म्हणाला, "होड्या वगळून काही जमणार नाही का?"

भाजीवाली माझ्याकडे बघत होती, बहुतेक माझा चेहरा पाहून. मी फोन बंद केला आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. मेथीचे पैसे द्यायचे राहिले होते, ते दिले.

मित्राला सांगितलं तर तो मोठ्यानं हसला. म्हणाला, द्यायचे होतेस की आकडे, होड्यांशिवाय बसवता बसवता म्हातारे झाले असते. मग त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. त्या दिवशी त्यानं शत्रूची बाजू घेतली आणि स्वतःच बनवलेल्या खाडीचं तोंड गलबतं लावून अडवलं. मी घाटात अडकलो, मीठ संपलं, तुकड्या एकेक करून पांगल्या. कुठं चुकलो ते मला कळत होतं, तरी मी त्याला घाट सहज देणार नव्हतो. तो विचारत होता, सोडतोस का. मी नाही म्हटलं.